पुढे पळणारी घड्याळं

भिंगकाकांना पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसाला वाटायचं, आपण काहीतरी भलतंच बोलून गेलो. कारण काकांची उजवी भुवई कायम वर चढलेली. जन्मभर त्या डोळ्याला भिंग अडकवून बसल्यामुळे ती तिथेच मुक्कामाला गेली होती, आणि समोरच्याने नुसतं ‘नमस्कार’ म्हटलं तरी काकांचा चेहरा ‘काय सांगता!’ असा व्हायचा. त्यांच्या खऱ्या नावाची पाटी दुकानावर होती, पण ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. औषधांचं दुकान आणि चपलांचं दुकान यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात त्यांचं दुकान. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढी ऐसपैस जागा.

आणि एवढ्याशा जागेत कसली घड्याळं यायची! सेलवर चालणारी नव्हेत. किल्लीची, नाहीतर मनगटाच्या हालचालीवर स्वतःच किल्ली भरून घेणारी. नुसत्या चक्रांवर आणि स्प्रिंगांवर चालणारी, मोटारीच्या किमतीची घड्याळं. अशी घड्याळं काकांच्या टेबलावर पोट उघडं टाकून पडलेली असायची आणि काका त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलत असायचे. माणसांशी मात्र ते तुटक बोलत. दाराशी एक वेताची टोपली होती. आत पाऊल टाकण्याआधी प्रत्येकाने आपला फोन त्या टोपलीत ठेवायचा, हा तिथला कायदा. फोनमध्ये लोहचुंबक असतं, आणि यांत्रिक घड्याळाचं लोहचुंबकाशी हाडवैर. कितीही मोठा माणूस असो, टोपली चुकत नसे. एकदा एका बाईंनी फोन पर्समध्येच ठेवला, तर काकांनी पर्सच टोपलीत ठेवायला लावली.

नवं गिऱ्हाईक आलं की ठरलेला प्रवेश व्हायचा. काका घड्याळ कानाला लावत, वेळ तपासायच्या यंत्रावर ठेवत, मागचं झाकण उघडून आत डोकावत आणि मग सर्व्हिसिंगचा आकडा सांगत. गिऱ्हाईकाचं तोंड उतरे.

“अहो, एवढ्यात तर नवं घड्याळ येईल!”

“येईल ना. हे नाही येणार.”

“पण मागच्या वेळी केलं होतं त्याला चार वर्षंच झालीत. दर वेळी एवढा खर्च करायचा?”

“साहेब, साधं घड्याळ म्हणजे पाहुणा. आला, राहिला, गेला. हे घड्याळ म्हणजे जावई. एकदा घरात घेतलात की जन्मभर मानपान आलं.”

गिऱ्हाईक हसलं की काका मुद्द्यावर येत. आत तेल असतं, सुईच्या टोकावर मावेल एवढं एवढं, जागोजागी. ते वाळतं. वाळलं की चक्रांच्या दांड्या कोरड्या फिरायला लागतात आणि झिजतात. घड्याळ मात्र चकार शब्द काढत नाही. वेळ बरोबर दाखवत राहतं आणि आतून स्वतःला खात राहतं. “बंद पडलं की आणतो म्हणाल, तर तोवर अर्धे भाग बदलायची पाळी आलेली असेल. कंपनीकडे पाठवलंत तर महिनोन्‌महिने घड्याळाचं तोंड दिसायचं नाही आणि बिल बघून तुम्हाला दिसायचं बंद होईल. बघा बुवा तुमचं तुम्ही.” एवढं बोलून ते भिंग डोळ्याला लावत. गिऱ्हाईक घड्याळ ठेवून जाई.

काम म्हणजे काय, तर घड्याळ पूर्ण सुटं करायचं. प्रत्येक चक्र, प्रत्येक स्क्रू वेगळा. सगळं धुवायचं, वाळवायचं, एकेक तुकडा भिंगाखाली धरायचा, अंगात भरलेलं चुंबकत्व उतरवायच्या छोट्या यंत्रावरून फिरवायचा, मग परत जुळवत जुळवत जिथल्या तिथे तेल द्यायचं. यातली सगळ्यात नाजूक गोष्ट हेअरस्प्रिंग. केसाहून बारीक, जिलबीच्या वेढ्यांसारखी गुंडाळलेली. घड्याळाचा श्वास तोच. तिच्यावर तेलाचा शिंतोडा जरी उडाला तरी वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ वेड लागल्यासारखं पुढे पळायला लागतं. नवशिक्याची ही पहिली चूक. काकांच्या हातून ती कधी काळी झाली असेल, तर ती आठवणारे त्यांचे गुरू कधीच निवर्तले होते.

अशा माणसाचा हात थरथरायला लागावा!

सुरुवात घरी झाली, चहाच्या कपाने. सकाळी बशीतून कप उचलताना किणकिण आवाज आला. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. बायको ओट्याकडे तोंड करून उभी होती. दुसऱ्या दिवशी परत किणकिण, आणि थोडा चहा बशीत सांडला. तिसऱ्या दिवशी काकांनी जाहीर केलं, की यापुढे कपबशी नको, मोठ्या कानाचा मग हवा. “का हो?” बायकोने विचारलं. “फॅशन आहे,” काका म्हणाले. जन्मात एकाच बनावटीचे शर्ट घातलेल्या माणसाने हे म्हणावं! पण बायकोने मग दिला. फक्त त्यात चहा अर्धाच असायचा.

“अगं, चहा महागलाय का?”

“साखर वाढलीय तुमची. अर्धाच प्यायचा.”

काकांची साखर काही वाढलेली नव्हती. पण वाद घातला असता तर डॉक्टरकडे जावं लागलं असतं, आणि डॉक्टर पहिल्यांदा हात पुढे करा म्हणाला असता. म्हणून ते मूग गिळून अर्धा मग पीत राहिले. दुकानात मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं की हात स्थिर राहायचा, हे त्यांनी ताडलं होतं. तरी मनात पाल चुकचुकतच होती. हात गेला तर काय? पैशांचं सोडा, मुलगा मिळवता होता, दोन घास चुकले नसते. पण सकाळी उठून जायचं कुठे? भिंगाशिवायच्या जगात भिंगकाकांनी करायचं तरी काय, हा प्रश्न त्यांना भेडसावत होता आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्याच सुमाराला सुनेने डब्या केल्या.

सून घरात येऊन वर्ष होत आलं होतं. खोकी बनवणाऱ्या कारखान्यात ती नवनवे नमुने तयार करायची. अबोल पोर. सासरा त्याहून अबोल. दोघांमधलं संभाषण “बाबा, जेवलात?” आणि “हो” यापुढे सहसा जात नसे. दोघांनाही एकमेकांबद्दल बरंच वाटत होतं, पण सुरुवात कुणी करायची यावर गाडी अडली होती. एक दिवस ती निरोप द्यायला दुकानात आली आणि काका एका गिऱ्हाईकाला घड्याळ कापसात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीतून देताना तिने पाहिलं. ती बघतच राहिली.

“बाबा, एवढं राजेशाही घड्याळ, आणि तुम्ही मिरच्या-कोथिंबीर दिल्यासारखं पिशवीतून देता?”

तिच्या तोंडून आलेलं हे सगळ्यात लांब वाक्य. काका हसले. ती लाजली. आणि पुढच्या महिन्यात तिने कारखान्यातून एक खोका भरून डब्या आणल्या. गडद निळ्या, आत मऊ अस्तर, घड्याळ बसेल अशी उशी, आणि वरून येणारं एक झाकण. ते झाकण कडेपाशी नेलं की आपोआप ओढलं जाऊन ‘टक्’ करून बसायचं. काकांनी ते उघडलं. टक्. परत उघडलं. टक्. लहान पोराच्या हाती खुळखुळा यावा तसे ते संध्याकाळभर टक् टक् करत बसले. एखाद्याने प्रेमाने काही दिलं की आपण ते उलटसुलट करून तपासत नाही. काकांनीही तपासलं नाही. आत कागदाचा काहीतरी खटका असेल, एवढीच त्यांची समजूत.

त्यानंतर प्रत्येक घड्याळ डबीतून जायला लागलं. “माझ्या सुनेने केलीय,” काका प्रत्येकाला न विचारता सांगत. “घड्याळ हातात नसेल तेव्हा यातच ठेवा.” गिऱ्हाईकं खूश. काका त्याहून खूश.

आणि मग घड्याळं परत यायला लागली.

पहिला आला विमान चालवणारा. उमदा गडी, काकांचा लाडका. “काका, हे पुढे पळतंय. थोडंथोडकं नाही, दिवसात कितीतरी मिनिटं.” काकांच्या काळजात धस्स झालं. पण वरकरणी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, कारण चुंबक लागलं तरी हेअरस्प्रिंगचे वेढे असेच चिकटतात.

“फोनजवळ ठेवलं होतंत? स्पीकर? चुंबकाचं काही?”

“छे हो! तुम्ही सांगितल्यापासून मी कशाच्याही जवळ ठेवत नाही. हातातून काढलं की थेट तुमच्या डबीत.”

झालं. चुंबकाचा संशय तिथेच मिटला. मग उरलं काय? उरला हेअरस्प्रिंगवर उडालेला तेलाचा शिंतोडा. आणि शिंतोडा उडवणारा हात कुणाचा, ते सांगायला ज्योतिषी नको होता. काकांनी घड्याळ उघडलं. वेढे खरंच एकमेकांना लगटले होते. तेल काही दिसेना, पण आता डोळेही म्हातारे झाले असतील, असं त्यांनी स्वतःला बजावलं. सगळं सुटं केलं, धुतलं, यंत्रावरून फिरवलं, जुळवलं. घड्याळ सुतासारखं सरळ चालायला लागलं. पैसे न घेता त्यांनी ते डबीत ठेवलं, झाकण टक् करून लावलं आणि विमानवाल्याची माफी मागितली.

मग आला हॉटेलमालक. त्याचंही घड्याळ पुढे. मग आल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या आता दवाखाना सोडून घरी होत्या आणि नवऱ्यामागे नवऱ्याचंच घड्याळ हातात घालत. ते त्यांच्या मनगटावर सैल बसून कोपरापर्यंत फिरायचं, पण पट्टा कमी करू देत नसत. दर काही वर्षांनी न चुकता सर्व्हिसिंगला आणत आणि आकड्याबद्दल कधी हूं की चूं करत नसत. “ते असताना त्यांच्यावर यापेक्षा जास्त खर्च व्हायचा,” असं म्हणत. त्यांचंही घड्याळ पुढे पळत होतं. आणि त्याच आठवड्यात विमानवाला दुसऱ्यांदा आला.

काकांनी हिशेब मांडला. तीन माणसं वेगळी, घरं वेगळी, घड्याळं वेगवेगळ्या कंपन्यांची. सगळ्यांत सारखी गोष्ट एकच, आपला हात. दुसऱ्या कुठल्या कारागिराने येऊन असं सांगितलं असतं, तर याच काकांनी त्याला खुळ्यात काढलं असतं. ‘आधी होकायंत्र काढ, आरोप मागून कर,’ म्हणाले असते. टेबलाच्या खणात ते छोटं होकायंत्र पडलेलंही होतं. घड्याळ वर धरलं की सुई हलते की नाही ते बघायचं, पोरखेळ. पण भीती एकदा मनात घर करून बसली की माणूस तिच्या सोयीचेच पुरावे गोळा करतो. काकांनी होकायंत्राच्या खणाला हातही लावला नाही.

जेवणातलं लक्ष उडालं. मुलाने विचारलं तर म्हणाले, पोट बरं नाही. सुनेने मऊ भात केला. तो मुकाट्याने खावा लागला.

शेवटी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. विमानवाल्याचं आणि हॉटेलमालकाचं घड्याळ निस्तरून पाठवलं होतं. डॉक्टरीणबाईंचं तेवढं टेबलावर होतं. हे शेवटचं. हे नीट करायचं, बाईंना द्यायचं, घरी जाऊन सांगायचं आणि दुकानाला कुलूप घालायचं. एखाद्या गिऱ्हाईकाच्या आठवणीची माती करण्यापेक्षा आपण वेळेवर उठलेलं बरं. विचार पक्का झाला. त्यांनी भिंग लावलं.

दुपारची वेळ. शेजारचा चपलावाला दार लोटून डुलकी काढत होता. काकांनी घड्याळ जुळवत आणलं. आता चक्रांवरच्या पट्टीचे स्क्रू बसवायचे होते, खसखशीच्या दाण्याएवढे. त्यांनी चिमट्यात एक स्क्रू धरला, उचलला, आणि नेमका त्या क्षणी हात थरथरला. चिमट्यातून स्क्रू सटकन उडाला आणि दिसेनासा झाला.

आता घड्याळजीच्या आयुष्यात स्क्रू उडणं म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे. पण त्या दिवशी काकांना ते कोसळलंच. ते डोक्याला हात लावून बसले. मग उठले, कारण बसून स्क्रू सापडत नसतो. मांडीवरचा पंचा झटकला. टेबलाचे कोपरे पाहिले. बॅटरी घेऊन जमिनीवर रांगले. खुर्चीखाली एक जुनी लवंग, एक बटण आणि हॉटेलमालकाने कधीतरी पाडलेला दातकोरणीचा तुकडा सापडला. स्क्रू नाही. शर्टाच्या खिशात पाहिलं, चपलेत पाहिलं, भुवईसुद्धा चाचपली. गुडघे धरून कसेबसे उठले आणि आधारासाठी टेबलावर हात टेकला. हाताखाली निळी डबी आली. बाईंच्या घड्याळासाठी उघडून तयार ठेवलेली.

झाकणाच्या कडेवर काहीतरी चमकत होतं.

काकांनी वाकून पाहिलं. स्क्रू. झाकण उभं होतं, सरळ भिंतीसारखं, आणि स्क्रू त्याच्या निळ्या कागदावर कडेपाशी चिकटून बसला होता. उभ्या भिंतीला. त्यांनी फुंकर मारली. हलेना. चिमट्याने ओढला. सुटला, पण नाराजीने सुटला. पुन्हा जवळ नेला, तर चिमट्यातून उडी मारून परत जाऊन बसला. टक्.

काकांची भुवई आधीच वर होती, तिला आणखी वर जायला जागा नव्हती. मग त्यांनी हळूच खण ओढला, होकायंत्र काढलं आणि डबीशेजारी धरलं. सुईने उत्तर दिशेचा नाद सोडला आणि भोवऱ्यासारखी गिरकी घेऊन झाकणाकडे तोंड करून उभी राहिली.

फोन टोपलीत ठेवायला लावणारा माणूस. पर्ससुद्धा बाहेर काढणारा माणूस. आणि तोच माणूस स्वतःच्या हाताने एकेक घड्याळ लोहचुंबकाखाली निजवून घरोघर पाठवत होता, वर ‘यातच ठेवा हं’ असं बजावून. घड्याळ इथे आलं की यंत्रावरून फिरायचं आणि बरं व्हायचं, डबीत गेलं की परत आजारी. तेल नाही, शिंतोडा नाही, डोळे नाहीत. आणि हात? हात तर साफ निर्दोष!

काकांना हसू फुटलं. आधी खुदकन, मग खदाखदा, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, हे त्यांना त्या दिवशी कळलं. इतक्या दिवसांची छातीवरची धोंड गडगडत खाली गेली. शेजारचा चपलावाला आवाजाने दचकून धावत आला.

“काय झालं काका? बरं आहे ना?”

“बरं आहे! एकदम बरं आहे! मी गाढव आहे!”

चपलावाल्याला यातलं कशाला हो म्हणावं ते कळेना. तो फोन टोपलीत ठेवायचं विसरून आत आला होता. काकांनी हसता हसताच त्याला बाहेर घालवलं.

बाईंचं घड्याळ जुळवून झालं तेव्हा हात मनगटापासून बोटांपर्यंत शांत होता. संध्याकाळी बाई आल्या. काकांनी त्यांना घड्याळ कापसात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीतून दिलं आणि सगळी कहाणी सांगितली. बोलण्याच्या भरात, जे इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं तेही सांगून बसले.

“हात करा पुढे,” बाई म्हणाल्या.

काकांनी हात पुढे केला. बोटं किंचित थरथरली. बाईंनी शेजारी आपला हात धरला. तो काकांच्या हातापेक्षा जास्त कापत होता.

“मी शेवटची कितीतरी वर्षं अशाच हाताने लोकांच्या दाढा काढल्या,” त्या म्हणाल्या. “हनुवटीला करंगळी टेकवली की झालं. तुम्ही मनगट टेकवता ना? मग टेकवा. आणि एकदा डॉक्टरला दाखवून या. घड्याळ बंद पडेपर्यंत थांबू नका म्हणून आम्हाला सुनावता, आणि स्वतः?”

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरला दाखवतो, असं काकांनी कबूल केलं. बाई गेल्यावर त्यांनी टोपलीतला स्वतःचा फोन काढून विमानवाल्याला आणि हॉटेलमालकाला कळवलं, की घड्याळ डबीतून ताबडतोब बाहेर काढा, उद्या घेऊन या, दोन मिनिटांचं काम आहे. “आणि डबीत काय ठेवू?” हॉटेलमालकाने विचारलं. “दातकोरण्या,” काका म्हणाले.

राहिलं होतं एकच अवघड काम. सुनेला सांगायचं कसं? वाटेत त्यांनी चार प्रकारे वाक्य जुळवून पाहिलं. जेवायला सगळे बसल्यावर एकही आठवेना, तेव्हा त्यांनी खिशातून निळी डबी काढून ताटाशेजारी ठेवली आणि तिच्याजवळ चमचा नेला. चमचा झाकणाला जाऊन चिकटला.

सून डबीकडे बघत राहिली. मग चमच्याकडे. मग तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“बाबा! घड्याळं!”

“हो,” काका म्हणाले, “पळत होती सगळी. माझा हात हल्ली थरथरतो, त्यानेच बिघडवली असं मला वाटत होतं. दुकान बंद करायला निघालो होतो.”

“म्हणजे माझ्यामुळे तुम्ही इतके दिवस जेवला नाहीत? आणि मी तुम्हाला मऊ भात घालत होते?” तिचे डोळे भरून आले. मुलगा मात्र भर ताटावर हसत सुटला. त्याला आईने डोळे वटारून गप्प केलं.

“तू का रडतेस?” काका गडबडून म्हणाले. “अगं, तुझ्या डबीनेच तर स्क्रू पकडला. ती नसती तर मी आज कुलूप लावून आलो असतो. डब्या मला पाहिजेत. फक्त ते चुंबक काढ आणि एखादी फीत लाव.”

सुनेने नाक पुसलं. “पण मग टक् होणार नाही, बाबा.”

“टक् मी तोंडाने करीन.”

ती रडता रडता हसली. मग दोघं जेवणं सोडून फितीचा रंग कोणता घ्यायचा यावर बोलत बसले. पानं वाळली तरी ते उठेनात.

सकाळी बायकोने नेहमीसारखा मग आणून ठेवला. अर्धा. काकांनी आत पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. रात्री सगळ्यांदेखत त्यांनी हाताबद्दल सांगितलं तेव्हा मुलगा चमकला होता, सून चमकली होती. ही नव्हती चमकली. ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं.

“माझी साखर कधी वाढली गं?”

बायको ओट्याशी पाठमोरी होती. “नाही वाढली.”

“मग?”

“भरलेला कप तुमच्या हातून सांडत होता. सांडला की तुमचा चेहरा बघवत नव्हता मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही लपवत होतात ना. तुम्ही सांगाल तेव्हा बोलायचं, असं ठरवलं होतं.”

दुकानात जगभरची घड्याळं उघडून आतलं दुखणं शोधणाऱ्या या माणसाला घरातलं एवढंसं कळलं नव्हतं. इतके महिने आपण एकटेच ओझं वाहतोय अशा समजुतीत ते होते, आणि ही बाई रोज सकाळी अर्धं ओझं मुकाट्याने मगातून काढून घेत होती. त्यांना बायकोची फार माया आली. तसं म्हणायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. त्यांनी मग पुढे सरकवला.

“आज भर.”

तिने वळून पाहिलं. चहाचं भांडं उचललं आणि मग काठोकाठ भरला, जरा जास्तच. काकांनी तो दोन्ही हातांनी उचलला. थोडा टेबलावर सांडला, थोडा शर्टावर. बायकोने फडकं आणून टेबल पुसलं आणि समोर बसली. काकांनी उरलेला चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि मग शर्ट न बदलताच डॉक्टरकडे जायला निघाले.